जुन्या कौलारू छपराचं मॉडेल: आढं दीड फूट खाली का येतंय?

वळचण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबेल.

सोलापुरात रेल्वे लाइन्सजवळ आमच्या आजोबांचं घर आहे. दीड फुटी दगडी भिंती आणि वर मंगलोरी कौलं. आत सिलिंग नाही, त्यामुळं वासे, रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या), आढं (माथ्याचं आडवं लाकूड) सगळं खालून दिसतं. आजोबा मिलमध्ये फिटर होते. घर त्यांनी आणि एका सुतारानं मिळून उभं केलं, असं आजी सांगायची. आता वाशांना वाळवी लागलीय. दिवाळीनंतर छप्पर उतरवायचं, त्याच आकाराचा लोखंडी सांगाडा उभा करायचा आणि जुनीच कौलं पुन्हा चढवायची, असं भावानं आणि मी ठरवलंय. फॅब्रिकेटर म्हणतो, ड्रॉइंग द्या, शेडमध्येच कापून-वेल्डिंग करून आणतो, घरी फक्त बसवायचं. म्हणजे मॉडेल चुकलं की कापलेलं लोखंड चुकलं.

मी ड्राफ्टिंगच करते, पण आजवर सगळी कामं स्लॅबची. उतरतं छप्पर हाताखालून कधी गेलं नाही. रेव्हिट वापरतेय, इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर.

घर असं आहे: पुढचा भाग पूर्व-पश्चिम, ३६ फूट लांब, २४ फूट रुंद, दोन्ही टोकांना त्रिकोणी भिंती. मागं उत्तरेला १४ फूट रुंद स्वयंपाकघर काटकोनात जोडलेलं, त्याचं आढं ठेंगणं. दोन्ही छपरं भेटतात तिथं पन्हळ.

भिंती काढल्या, 'रूफ बाय फूटप्रिंट' घेऊन त्या पिक केल्या, वळचण, म्हणजे भिंतीबाहेर येणारं छप्पर, सगळीकडं दोन फूट (६०० मिमी धरून) दिली. उतार २५ अंश. तो मोबाइलच्या लेव्हल ॲपनं मोजलाय, शेजारच्या गच्चीवरून आमच्या छपरापर्यंत हात पोचतो. आढ्याची उंची लेझरनं आतून घेतलीय. भिंतीच्या बाहेरच्या कडेला वाशाची खालची बाजू जिथं आहे, तिथून आढ्यापाशी वाशाची खालची बाजू १९८० मिमी वर आहे. मॉडेलमध्ये येतेय १४९४. एकोणीस इंच कुठं गेले?

दुसरं, मागची पन्हळ फोटोत दिसते तशी येत नाही, मॉडेलमध्ये खालीच संपते. आणि मागची वळचण पुढच्यापेक्षा तोकडी आहे. तेव्हा लाकूड कमी पडलं असेल, मी मॉडेलमध्ये सगळीकडं सारखीच ठेवलीय.

ओळंबा

मोबाइल कुठं ठेवलेला ओ ताई, कौलावर का वाशावर?

वळचण

कौलावर, काका. वरून तेवढंच हाताला लागतं.

ओळंबा

मग निम्मं उत्तर तिथंच आहे. कौल वाशाला समांतर बसत नसतं. प्रत्येक कौलाचं खालचं टोक त्याच्या खालच्या ओळीतल्या कौलावर टेकतं, म्हणून ते तेवढं उचललेलं राहतं. छपराचा उतार वाशाचा असतो, कौलाचा त्याहून सपाट. मंगलोरी कौलाला दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. आत जा, वाशाच्या खालच्या अंगाला मोबाइल लावा. एकाच वाशाला लावू नका. लाकूड रंधलेलं असलं तरी गाठी असतात, बाक असतो. लांब सरळ पट्टी धरून तिला मोबाइल लावा, आणि दोन्ही टोकांचे वासे बघा.

वळचण

काका, अगदी बरोबर. पश्चिमेच्या टोकाला २८.४ आलं. ते टाकल्यावर आढं १७३२ वर आलं. निम्मा फरक गेला! अजून २४८ मिमी मात्र राहिलेच. आणि पूर्वेच्या टोकाला २९ च्या वर दाखवतंय. ते कसं?

सांधा

मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात बिमचं, म्हणजे इमारतींच्या डिजिटल मॉडेलचं, काम करतो. उरलेल्या २४८ चं सांगतो.

भिंती पिक करून छप्पर काढलं की प्रॉपर्टीजमध्ये 'राफ्टर ऑर ट्रस' असा एक पर्याय असतो. 'राफ्टर' असेल तर छपराच्या तळाची उंची भिंतीच्या आतल्या कडेला धरली जाते, 'ट्रस' असेल तर बाहेरच्या कडेला. नेहमीच्या सहा इंची भिंतीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमची भिंत दीड फूट, म्हणजे ४५७ मिमी. २८.४ अंशांचा टॅन ०.५४१. ४५७ गुणिले ०.५४१ करा, २४७ येतील.

तुम्ही उंची मोजली बाहेरच्या कडेपासून आणि सॉफ्टवेअर ती आतल्या कडेला लावत होतं. पर्याय 'ट्रस' करा. नावाकडं लक्ष देऊ नका, घरात कैच्या (छपराच्या त्रिकोणी चौकटी) असल्या-नसल्यानं इथं काही फरक पडत नाही.

वळचण

१९७९!! एका मिलिमीटरचा फरक. दोन दिवस डोकं धरून बसले होते. सांधा, ओळंबाकाका, मनापासून आभार.

ओळंबा

आभार राहू द्या, अजून पूर्वेचं टोक बाकी आहे. त्याआधी एक सांगतो, कारण ही चूक मी साइटवर पुन्हा पुन्हा बघितलीय. तुमच्याकडं आढ्याची उंची होती, भिंतीकडची उंची होती, रुंदी होती. तिन्ही मापं टेपनं-लेझरनं घेतलेली, पक्की. आणि सॉफ्टवेअरला दिला काय, तर उतार, जो सगळ्यात कच्चा. उतार विचारला म्हणून दिला. बारा फुटांच्या अंतरावर एक अंश चुकला की आढं सव्वातीन इंच वर-खाली होतं. उंची मोजताना सव्वातीन इंचांची चूक करायची म्हटलं तरी होत नाही.

जुन्या घरात उतार मोजायचा नसतो, काढायचा असतो. दोन उंच्या आणि मधलं आडवं अंतर घ्या, उतार आपोआप हातात येतो. मोबाइलचा अंश नुसता पडताळ्याला ठेवा.

आता मला सांगा, पूर्वेच्या टोकाला घराची रुंदी मोजलीत का? का पश्चिमेचीच दोन्हीकडं धरलीत?

वळचण

काका, पश्चिमेचीच धरली होती. आत्ता मोजून आले. पूर्वेला २३ फूट ३ इंच आहे. नऊ इंच कमी. इतकी वर्षं त्या घरात वावरतोय, कुणाला कधी जाणवलं नाही.

ओळंबा

जाणवत नाहीच. गावठाणातल्या, जुन्या पेठांतल्या जागा गुण्यात, काटकोनात कुठं असतात? भिंत हद्दीप्रमाणं जायची. म्हणून जुन्या घराचे चारी बाजूंचे टेप घेतल्यावर दोन्ही कर्णही घ्यायचे, खोलीखोलीचे सुद्धा. आणि लेव्हल पाइप घेऊन आढ्याची दोन्ही टोकं एका पाण्यात आहेत का बघा. लेझरचं ठीक आहे, पण जुन्या फरशीवरून मोजलं तर फरशीचा उतार मापात येतो.

वळचण

भावाला धरून पाइप लावला. आढ्याची दोन्ही टोकं एका पातळीत आहेत, मधे ३० मिमी झोळ आहे. भिंतीकडची उंची चारी कोपऱ्यांना जवळजवळ सारखी. मॉडेलमध्ये रुंदी दुरुस्त केली, तर आढं पूर्वेकडं उतरायला लागलं! ६२ मिमीनं.

सांधा

त्याचं कारण सरळ आहे. भिंती समांतर नाहीत आणि तुम्ही दोन्ही पाख्यांना, म्हणजे छपराच्या दोन्ही उतरत्या बाजूंना, एकच उतार दिलाय. एकच उतार म्हटल्यावर जिथं घर अरुंद तिथं आढं खाली येणारच, भूमितीला दुसरा मार्ग नाही. तुमच्या सुतारानं उलटं केलं. त्यानं आढं पाण्यात ठेवलं आणि उतार बदलू दिला: पश्चिमेला २८.४, पूर्वेला २९.२. तुमच्या मोबाइलनं तेच दाखवलं होतं. म्हणजे पाखं सपाट नाही, त्याला किंचित पीळ आहे. रिपा आणि कौलं एवढा पीळ मुकाट्यानं गिळतात. सॉफ्टवेअर गिळत नाही, कारण त्याच्या लेखी एक पाखं म्हणजे एक सपाट प्रतल.

रेव्हिटमध्ये मी असं करतो. फूटप्रिंटच्या सगळ्या कडांचा उतार काढून टाका, छप्पर सपाट होऊ द्या. मग 'मॉडिफाय सब-एलिमेंट्स' घ्या. ते सपाट छपरालाच चालतं, म्हणून उतार आधी काढायचा. आढ्याच्या जागी 'स्प्लिट लाइन' टाका आणि तिची दोन्ही टोकं मोजलेल्या उंचीला उचला. झोळ दाखवायचा असेल तर मधे एक बिंदू टाकून तो ३० मिमी खाली घ्या. सपाटच प्रतल हवं असेल तिथं 'स्लोप ॲरो' बरा. त्यात उताराऐवजी शेपटीची आणि टोकाची उंची देता येते, ओळंबाकाका म्हणतात तसं.

झोळ मात्र मी मॉडेलमध्ये घेणार नाही. नवीन सांगाड्याला झोळ नसणार.

रीप

झोळाबद्दल सांधा यांच्याशी सहमत नाही. धाग्याचं नावच 'जुन्या छपराचं मॉडेल' आहे. आहे तसं एक मॉडेल झोळासकट ठेवा, त्याच्याच प्रतीवर नवीन छप्पर करा. छप्पर उतरलं की पुन्हा मोजायला काही उरत नाही.

आणि फॅब्रिकेटरला हे ठळक लिहून द्या: सगळे राफ्टर एका मापात कापू नका. भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून आढ्यापर्यंतची तिरकी लांबी पश्चिमेला ४१६१ मिमी, पूर्वेला ४०५९. चार इंचांचा फरक आहे. प्रत्येकाला नंबर टाकून वेगळी लांबी द्या, नाहीतर शेडमध्ये पहिला नग कापून बाकीचे त्याच मापावर निघतील.

वर न चढता पडताळा घ्यायचा तर कौलांच्या ओळी मोजा. आतून रिपांमधलं अंतर टेपनं घ्या, गच्चीवरून फोटो काढून आढ्यापासून वळचणीपर्यंत ओळी मोजा. शेवटच्या ओळीचं अख्खं कौल धरायचं, बाकीच्यांचं नुसतं रिपांचं अंतर.

वळचण

रीप, लगेच केलं. पश्चिमेच्या टोकाला रिपांमधलं अंतर साडेबारा इंच, म्हणजे ३१८ मिमी. ओळी १५. चौदा गुणिले ३१८ आणि एक अख्खं कौल ४१० मिमीचं, मिळून ४८६२. मॉडेलमध्ये आढ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंत ४८४३. एकोणीस मिमीचा फरक, म्हणजे पाऊण इंच! एवढा आनंद मला स्लॅबच्या कामात कधी झाला नव्हता.

एक सुटं कौल उलटून पाहिलं, पोटावर कारखान्याचा छाप आहे. बासेल मिशननं मंगळुरात १८६५ मध्ये कौलांचा पहिला कारखाना काढला, तिथून हा साचा सगळीकडं पसरला, एवढं वाचलं होतं. हातात घेऊन पाहताना वेगळं वाटलं. कौलं उतरवताना एकही फुटू द्यायचं नाही असं ठरवलंय.

साणं

धाग्यात मधेच शिरतोय, माफ करा. माझा प्रश्न माळवदाचा आहे. आजोळी, मोहोळ तालुक्यात, अख्खं घर माळवदाचं. तुळया, त्यावर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्या), वर पांढरी माती. मधे उजेडाला साणं, म्हणजे छतातलं भोक. मॉडेलमध्ये मी नुसता सपाट थर दिला तर तो खोटा वाटतोय, कारण वर माती पाणी बाहेर सोडणाऱ्या पन्हळीकडं उतरती आहे आणि खालून कडीपाट मात्र सरळ.

सांधा

अवांतर अजिबात नाही, वर सांगितलेलंच अवजार इथं जास्त शोभतं. सपाट छप्पर घ्या, पन्हळीच्या तोंडांशी बिंदू टाकून खाली ओढा. मग छपराच्या थरांत जाऊन मातीच्या थरापुढं 'व्हेरिएबल' वर टिक करा. टिक नसेल तर अख्खं छप्पर वाकतं, कडीपाटही तिरका होतो. टिक केली की तळ सरळ राहतो आणि फक्त मातीची जाडी बदलते. साणं म्हणजे साधं ओपनिंग.

साणं

झालं! पन्हळीशी माती आठ इंच आणि मागच्या भिंतीशी दीड फूट निघाली. दरवर्षी पावसाळ्याआधी माती चढवत गेले, उतरवली कुणीच नाही.

ओळंबा

साणं, तो दीड फूट नुसता मॉडेलमध्ये ठेवू नका, घरच्यांना सांगा. माती घनमीटरला सोळाशे-अठराशे किलो भरते, भिजली की जास्त. दीड फूट म्हणजे चौरस मीटरला सातशे-आठशे किलो डोक्यावर. तुलनेला सांगतो, मंगलोरी कौलं रिपांसकट धरली तरी ६५ किलोच्या आसपास. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आमच्या पिढीनं बघितलीय. दगड-मातीच्या भिंती आणि वर असलं वजन, त्यात माणसं झोपेत गेली. आपल्याकडं पाऊस कमी आणि ऊन कडक, म्हणून माळवद चांगलंच. उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा नाही. पण जादा माती उतरवून घ्या, तुळयांची भिंतीतली टोकं टोचून बघा. तिथंच आधी कुजतं.

साणं

या रविवारी जातोय, काका. मामांना हा प्रतिसादच वाचून दाखवतो.

वळचण

साणं, नक्की जा.

आता माझी पन्हळ. स्वयंपाकघराचा भाग १४ फूट रुंद, भिंती पुढच्या भागाएवढ्याच उंच. मॉडेलमध्ये पन्हळ बरोबर ४५ अंशांत जाते. फोटोत मागचं आढं मोठ्या छपरात जिथं शिरतं, ती जागा मॉडेलपेक्षा कौलांची एक ओळ वर आहे.

रीप

मागच्या भागालाही २८.४ च दिलात ना?

वळचण

हो. काकांनी एवढं सांगूनही तिथं उतार गृहीत धरला. आता उंची मोजली: बाहेरच्या कडेपासून आढ्यापर्यंत १३०० मिमी. अर्धी रुंदी २१३४. म्हणजे ३१.३ अंश. मागचं छप्पर जास्त उभं आहे.

रीप

मग पन्हळ ४५ मध्ये जाणारच नाही. दोन्ही उतार सारखे आणि कोपरा काटकोनात असेल तरच ती ४५ अंशांची. तुमच्याकडं मागचं पाखं मीटरला ६०९ मिमी चढतं, पुढचं ५४१. दोघांची उंची सारखी होईल त्या बिंदूंमधून पन्हळ जाते. मागचं आढं १३०० उंच. पुढच्या पाख्यानं १३०० चढायला आडवे २४०० लागतात. म्हणून ते आढं २१३४ ऐवजी २४०० आत शिरतं, पन्हळ साधारण ४८ अंशांत येते. तिरक्या मापात हा फरक ३०० मिमीच्या आसपास, म्हणजे तुमची ती एक ओळ.

जोडायला 'जॉइन रूफ' वापरा, कडा हातानं ओढत बसू नका.

वळचण

जुळलं. पन्हळ फोटोवर ठेवून पाहिली, रेघेवर रेघ.

पण आता नवीनच दिसतंय. पन्हळीच्या खालच्या टोकाला दोन्ही वळचणी एका पातळीत येत नाहीत. मागची पुढच्यापेक्षा ४१ मिमी खाली लोंबतेय. घरी मात्र कड सलग आहे.

ओळंबा

ताई, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय, मागची वळचण तोकडी आहे, लाकूड कमी पडलं असेल. ती किती तोकडी ते मोजलंत का?

वळचण

नाही, काका. मागं बोळ अरुंद आहे, शिडी लागत नाही.

ओळंबा

शिडी कशाला? मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या थोडं आधी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि वळचणीची सावली ओळंब्यानं टाकल्यासारखी सरळ खाली पडते. खडूनं रेघ मारली की छपराचा नकाशा जमिनीवर. मे गेला, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तो दिवस पुन्हा येतो तेव्हा ढग असतात. पण सध्या पाऊस आहे. वारा पडलेला असताना पागोळ्या कुठं पडतात ते बघा.

वळचण

काका, पाऊस यायची वाट बघायचीच गरज पडली नाही. मागच्या बोळात शहाबादी फरशी आहे. भिंतीला समांतर अशी खळग्यांची एक ओळ तिच्यात पडलीय, कौलाच्या पन्हळीगणिक एक खळगा. लहानपणी आम्ही त्यात चिंचोके ठेवायचो. कशाचे खळगे ते कधी विचारलं नाही.

भिंतीपासून मापलं. एकवीस इंच. पुढच्या ओट्यासमोर तशीच ओळ आहे, ती चोवीस इंचांवर.

मग गणित केलं. पुढचं छप्पर दोन फूट, म्हणजे मॉडेलमधले ६०० मिमी, बाहेर येताना ३२४ मिमी उतरतं. मागचं जास्त उभं आहे, त्यामुळं तेवढंच उतरायला त्याला ५३३ मिमीच बाहेर यावं लागतं. ५३३ मिमी म्हणजे बरोबर एकवीस इंच.

लाकूड कमी पडलं नव्हतं. कड एका पाण्यात यावी म्हणून सुतारानं मागचे वासे तीन इंच आखूड कापले होते.

सांधा

रेव्हिटमध्ये ह्यालाच 'अलाइन ईव्ह्ज' म्हणतात. त्यात 'ॲडजस्ट ओव्हरहँग' निवडा आणि आधी पुढची कड दाखवा, मग मागची.

वळचण

केलं. मागची वळचण ५३३ वर आली आणि कड सलग झाली. फॅब्रिकेटरच्या ड्रॉइंगवर मागच्या राफ्टरांपुढं २१ इंच लिहिलंय आणि खाली टीप टाकलीय: हे माप मुद्दाम आहे, वाढवू नये.